बुरशी, वकीलबाईंची दाढ आणि वरच्या मजल्यावरची अंघोळ

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा वाकून (आणि कंबर धरून पुन्हा सरळ होऊन) नमस्कार. गुडघे काय म्हणतात? मामींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर आता त्यांना तुमचं पोट स्पष्ट दिसू लागलं असेल, सांभाळा. आम्ही मजेत आहोत. मध्यंतरी आमच्याकडे बुरशी मुक्कामाला होती, त्याची हकिकत कळवतो.

लेकीच्या, म्हणजे ठकीच्या, खोलीत कपाटामागे एक काळपट ठिपका दिसला. मी पुसला. तो पसरला, आणि बघता बघता अर्धी भिंत काळवंडली. इथवर मी हसण्यावारी नेलं (हिच्या मते मी लग्नही हसण्यावारीच नेलं आहे). पण ठकीला खोकला लागला. बाटल्या संपायच्या, खोकला संपेना. पोरगी उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायला लागली, तेव्हा माझं हसू आटलं.

आमचे घरमालक वरच राहतात. निवृत्त मास्तर आहेत. त्यांच्यासमोर अजूनही माझे हात आपोआप मागे जातात. त्यांनी भिंत पाहून निकाल दिला, "तुम्ही तिघं फार श्वास सोडता." वर रंगाचा एक हात मारून दिला. बुरशीने पंधरवड्यात त्यातूनही डोकं काढलं.

त्याच सुमारास माझ्या दवाखान्यात एक वकीलबाई दाढ काढायला आल्या. त्यांच्या तोंडात माझे दोन्ही हात, अशा अवस्थेत मी सल्ला विचारला: भाडं देणं बंद करू का? बाईंनी इतक्या जोरात मान हलवली की दाढ निम्मी तिथेच सुटली. जीभ ताळ्यावर आल्यावर त्यांनी समजावलं. घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. तक्रार लेखी द्यायची, फोटो जोडायचे. भाडं परस्पर थांबवलं तर आपलीच बाजू लंगडी पडते. आणि तक्रार केली एवढ्यावरून मालक आपल्याला बाहेर काढू शकत नाही. (दाढेचे पैसे घ्यायची मला लाज वाटली. सल्ल्याचे घ्यायची त्यांना वाटली नाही.)

मी अर्ज दिला. मास्तरांनी त्यातलं शुद्धलेखन लाल शाईने सुधारून परत पाठवला. मग मात्र मी घरांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कचेरीतून तपासणीसबाईंना बोलावलं. त्या भिंतीचा पोपडा खरवडत होत्या, मास्तर खिडक्या उघड्या ठेवण्याचं महत्त्व सांगत होते, आणि वर मास्तरीणबाई कशाचीच कल्पना नसताना अंघोळीला गेल्या. थोड्याच वेळात खरवडलेल्या जागेतून एक ओघळ निघाला. कोमट. तपासणीसबाईंनी बोट लावून हुंगलं आणि शांतपणे विचारलं, "यांच्या श्वासाला गुलाबाच्या साबणाचा वास येतो का हो?"

मास्तरांनी स्वतः ओघळाला बोट लावून हुंगलं. पलंगावर ठकी खोकली, तसे एकदम वळले. "आमचाच साबण आहे," म्हणाले. "मी नीट पाहिलंच नव्हतं. भिंत दुरुस्त होईपर्यंत सगळे वर चला." आणि ठकीची उशी त्यांनी स्वतः उचलली.

मामा, तेव्हापासून आम्ही वर आहोत. मास्तर जेवताना माझं व्याकरण सुधारतात, पण ठकी आडवी होऊन गाढ झोपते. आणखी काय हवं?

मामींना नमस्कार.

तुमचा,
दातवाला भाचा

ता. क. : वरच्या न्हाणीघराचा सांडपाण्याचा फुटका नळ बदलला, भिंत कोरडी ठणठणीत झाली. तरी मास्तरीणबाई ठकीला खाली सोडायला तयार नाहीत. यावर कायदा काय म्हणतो ते विचारण्यासाठी वकीलबाईंच्या दुसऱ्या दाढेची वाट पाहतोय.

ता. क. दुसरा : पत्राचं खरं कारण राहिलंच. तुमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या शिंपीणबाईंचा फोन आला होता. त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत काळी पडली आहे आणि तुम्ही नुसतं "बघू, बघू" म्हणता म्हणे. त्यांचा अर्ज मीच लिहून दिला आहे. परवापर्यंत तुमच्या हाती पडेल. त्याआधी प्लंबर बोलावलात, तर हे तुम्हाला आपणहून सुचलं असं मी मामींना सांगेन.