खडीच्या ठेक्यावरची गाणी

मी, शरणम्मा गुरुबसप्पा हालगे, वय एकसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार मुरुड, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्या शुद्धीबद्दल ज्यांना शंका आहे, त्यांनी माझे गाणे ऐकले आहे, शिवण पाहिलेली नाही.

१. माझे दोन खोल्यांचे घर भाची महादेवी हिला द्यावे. मला मूलबाळ नाही. या दुष्काळात टँकरच्या रांगेत माझी घागर तिनेच धरली. अट एकच. पुढची खोली पंचाक्षरी स्वामी यांना गाणी टेप करण्यासाठी, त्यांना हवी तोवर मोकळी ठेवावी.

त्याचे कारण असे. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात असे. हातोडीच्या ठेक्यावर तोंडातून गाणी निघू लागली. आवाज जाड, मधेच चिरकणारा. सोबतच्या बाया म्हणत, “थांबू नको अक्का, आमचा हात चालतो.” दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला, त्या जल्लोषात मला गायला बोलावले. पेटीवाले शेषेराव सगळ्यांसमोर म्हणाले, “हिला सूर न्हाई. दगड वाजवून गाणं व्हतंय काय?” मी हातोडी पदराखाली घेऊन मंचावरून उतरले. खाली रेडिओ दुरुस्त करणारे पंचाक्षरी उभे होते. म्हणाले, “अक्का, दुकानात या. माझ्याकडं टेप हाय. अन् दगड बी आणा.”

‘माळरान कॅसेट’ ही त्यांची कंपनी म्हणजे ते स्वतः आणि कागद चिकटवणारी त्यांची बायको. माझी कॅसेट लागली की लोकांना वाटे, शेजारी बांधकाम निघाले. पुढे जिल्ह्याचा रस्ता रुंद झाला आणि त्यात दुकान गेले. तेव्हापासून टेप माझ्या घरी आहे.

२. सर्व मूळ टेपा व ट्रंकेतल्या कॅसेटी पंचाक्षरींच्या. मागेल त्याला आधी ऐकवाव्यात, मग द्याव्यात.

३. शिवणयंत्र शेजारीण गुणाबाईस. तिने पाय हळू मारावा.

४. हातोडी आणि गाणी धर्माबादच्या सिंधु या शिक्षिकेस. हदगावच्या बाजारात एका चहावाल्याने माझी कॅसेट लावली होती. ती ऐकून, कव्हरवरचा पत्ता वाचून ती एसटी बदलत मुरुडला आली.

“खडीवाल्या बाई तुम्हीच का? मला शिकवा.”

“त्यात शिकवण्यासारखं काय हाय?”

“माझा आवाज बी असाच हाय. प्रार्थनेला मला गप ऱ्हा म्हणतात.”

मी तिला आत घेतले. आता ती दर सुट्टीला येते. तिने माझे शब्द बदलले तरी चालतील, आवाज बारीक करू नये.

५. शेषेराव यांनी माझ्या मातीला यावे, पेटी आणू नये. गेल्या महिन्यात ते दारात येऊन म्हणाले, “तुमची कॅसेट ऐकली. त्या दिवशी चुकलं माझं.” मी पाणी दिले, कॅसेटही दिली. तरी पेटी नको.

६. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागताच दुसरी कॅसेट सुरू होणार आहे. सिंधु माझ्यासोबत गाणार आहे. तीत माझी सात नवी गाणी आहेत, ती वरच्या वाटणीत धरलेली नाहीत. त्यामुळे हे मृत्युपत्र पुन्हा लिहावे लागेल. तोवर कोणी घाई करू नये.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून आम्हा तिघांच्या एकमेकांसमोर सह्या.

शरणम्मा गुरुबसप्पा हालगे
साक्षीदार: साहेबराव नाडे, पोस्टमन
साक्षीदार: ग्यानोबा सुरवसे, किराणा दुकानदार

मुक्काम मुरुड, दिनांक १२ एप्रिल १९८७