जवळ्यात काढलेले मासे

प्रिय माई,

आज ईराच्या बालवाडीतल्या बाईंनी बोलावलं होतं. घरी आले आणि वाटलं, हे तुम्हालाच सांगायला हवं. तुमची नात चित्र काढते आणि लगेच तळव्याने पुसून टाकते. कागद फाटेपर्यंत. "घरी कुणी रागावतं का हिला?" बाईंनी विचारलं.

चिंचणीला तुम्ही अंगणभर बारीक कोलंबीसारखा ओला जवळा वाळत घालायचात आणि ईरा काडी घेऊन त्यात माशांची चित्रं काढत बसायची. मी तिला उचलायला धावले, तर म्हणालात, "ऱ्हाऊ दे गो. फिरवाया लागतोच तो. तिला फिरवू दे."

काय काढलंस, असं तुम्ही कधी विचारलं नाहीत. शेजारी उकिडव्या बसून एवढंच, "मंग? पुढं काय झाला?" मग मासा आभाळात जायचा, होडीला पाय फुटायचे. गोष्ट संपली की दोघी मिळून सगळं हातांनी खालीवर करायचात. "नाय फिरवला तर खालचा वाळत नाय." की पुन्हा कोरं अंगण.

मी ओट्यावर पेंगत असायचे. ऊन, तो वास, गुलाबीसर अंगण. बोलतंय कोण, आजी की नात, तेही कळेनासं व्हायचं.

पण माई, एक तरी चित्र ठेवायचं होतं हो. फोटो काढायला गेले तर म्हणायचात, "उद्या काढंल दुसरा." आता तुम्ही नाही, अंगणात जवळा नाही, आणि पोरीच्या हातचं माझ्याकडे काहीच नाही. राग येतो तुमचा. खरंच येतो.

संध्याकाळी इथे बोईसरच्या खोलीत तिला खडू दिला. तिने फरशीवर मोठ्ठी बाई काढली. अंबाड्यात गजरा, हात दोन्ही भिंतींना टेकलेले. मी तुमच्यासारखंच विचारलं, "मग? पुढं काय झालं?"

तिने तळवा उचलला. मी तिचा हात धरला नाही. चित्राकडे बघत ती तुमच्याच सुरात म्हणाली, "आजी अजून ओली हाय. आता नको फिरवू."

माई, ती फरशी मी पुसणार नाही. आणि आजी वाळली असं ज्या दिवशी ती म्हणेल, त्या दिवशी तिच्या शेजारी बसून मीही फिरवायला हात लावीन.

तुमची सून,
शुभदा