बादली मी नेतो

४ फेब्रुवारी

आली एकदाची बादली! हिरवी, घट्ट झाकणाची, वर आमच्या घराचा नंबर रंगवलेला. ओला कचरा आता वेगळा – सालं, उष्टं-खरकटं, चहाचा चोथा. एक दिवसाआड गाडी येणार, घेऊन जाणार आणि त्याचं खत करणार. सुरुवात आमच्या गल्लीपासून. आणि आमच्या जिन्यातल्या घरांना शिस्त लावायला कोण? मी! बैठकीत नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत टाळ्या वाजूनसुद्धा झाल्या.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. एकट्या माझ्यावर ओरडण्यात तुझी हुशारी वाया जात होती."

९ फेब्रुवारी

शेजारच्या मास्तरीणबाईंनी ओल्या कचऱ्यात दाढीचं ब्लेड टाकलं! शिकलेल्या बाईची ही तऱ्हा. सगळ्यांना पुन्हा बजावलं – प्लास्टिक नको, काच नको, ब्लेड नको. काही सापडलं तर गाडीवाली बादली उचलत नाही, वर लाल चिठ्ठी चिकटवून परत दारात ठेवते. सगळ्या जिन्यादेखत! मास्तरीणबाई फुगल्यात. फुगू देत.

रोज झाकण उघडून बघते. आपली बादली आरशासारखी हवी. दुसऱ्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

१७ फेब्रुवारी

नवलच! हे आपणहून म्हणाले, "बादली मी नेतो."

जन्मात कधी स्वतःची कपबशी विसळली नाही ह्या माणसानं! निवृत्त झाल्यापासून सूर्य पश्चिमेला उगवायला लागला की काय. गाडी येते तेव्हा बादली घेऊन खाली जातात, स्वतः रिकामी करतात, धुऊन वर आणतात. जिन्यातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना ह्यांचे दाखले देतात. मी आपली "पुरे हो कौतुक" म्हणते. पण आतून फुलून गेलेय, खोटं कशाला बोलू?

२ मार्च

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात दिवसभर उभं राहून पायाचे तुकडे पडले. घरी आले तर ह्यांचं दुपारचं ताट घासून पालथं घातलेलं. "भाजी कशी झाली होती?" – "झकास." रात्री मात्र नुसतं सूप. तेही घोट घोट. दुपारी दाबून होतं म्हणे, रात्री हलकंच बरं. पँट कमरेवर राहत नाही. म्हणतात, "बसमध्ये उभ्यानं तिकिटं फाडणं सुटलं, वर रोजचं चालणं. पोट उतरणारच." बसायला मिळालं की माणसं सुटतात, आमचे हे वाळले. आमचं सगळं उलटंच.

१९ मार्च

पलीकडच्या गल्ल्यांतही बादल्या पोचल्या. गाडीवाली म्हणाली, "काकू, आता खेपा दुप्पट. कमरेचा काटा ढिला झाला."

२६ मार्च

काय लिहू? 

दुकानातून आले तर दारात बादली. वर लाल चिठ्ठी. माझ्या दारात! मास्तरीणबाई समोरच उभ्या, ओठ दाबून हसत. अंगाचा नुसता तिळपापड झाला. हे आत झोपलेले. गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं आणि बादली उपडी केली.

सालांखाली पिशव्या. छोट्या छोट्या, गाठ मारलेल्या. एक सोडली – भात. माझा भात. दुसरी – परवाची कोबीची भाजी, जशी वाढली तशी. तिसरीत अंडं. चावलेलं. चावून चावून बाहेर काढलेलं.

आधी रागच आला. पहाटे उठून रांधायचं आणि ह्यांनी असं फेकायचं? मग त्या घासाकडे पुन्हा बघितलं आणि पुढची पिशवी सोडवेना.

हे कधी उठून दारात उभे राहिले, कळलं नाही. म्हणाले, "गिळता येत नाही गं."

"मग पिशव्या कशाला?"

"तू झाकण उघडून बघतेस ना."

खाली जाऊन गाडीवालीला पलीकडच्या गल्लीत गाठलं. म्हणाली, काका दर खेपेला स्वतः गाठी सोडून अन्न गाडीत टाकायचे आणि पिशव्या खिशात घालून न्यायचे. आज चक्कर येते म्हणाले, बादली तशीच ठेवून वर गेले. "प्लास्टिक दिसलं काकू, चिठ्ठी लावावीच लागते. रागावू नका." तिच्यावर काय रागवायचं!

३० मार्च

कॅन्सर. अन्ननलिकेचा. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, आडपडदा नाही. "त्रास कधीपासून?" तर हे म्हणतात, "थंडीपासून." थंडीपासून! आणि मी मेली पँट आवळून शिवत बसले.

घरी येताना विचारलं, का नाही सांगितलंत?  म्हणाले, "सांगितलं असतं तर तू स्वयंपाक सोडून रडत बसली असतीस. दुपारी ताट घेऊन बसलो की बरं वाटायचं. खाता नाही आलं तरी."

रस्त्यातच रडले. लोक बघत होते. बघू देत.

११ एप्रिल

ऑपरेशन नाही. फार पसरलंय. पोटात नळी घातली, त्यातून पिचकारीनं पातळ द्यायचं. लेक रजा टाकून आली. ती शिकली पटकन. माझा जीव होत नाही.

२२ एप्रिल

पहिलं खत आलं. घरटी एक पिशवी. जिन्यात सगळे खूश, मास्तरीणबाई तर हातात घेऊन हुंगत होत्या. काळंभोर, हलकं, पावडरीसारखं. मी पिशवी घेतली आणि तिथंच पायरीवर बसले. ह्यांची कितीतरी दुपारची जेवणं असतील ह्यात. लेकीनं पिशवी हातातून काढून घेतली.

५ मे

आज ओरडले माझ्यावर. ओरडायचं त्राण नाही, तरी ओरडले. "घरात फोडणीचा वास का येत नाही? तू जेवतेस तरी का?"

जेवते म्हटलं. खरं म्हणजे दार लावून ओट्यापाशी उभ्यानं पाव कोंबते, तोही अर्धा. ह्यांच्या नाकासमोर रांधायचं कसं? घशाखाली घास उतरायचा कसा?

"जन्मभर कंडक्टर होतो मी. बिनतिकीटवाला तोंडावरून ओळखतो. खोटं बोलू नकोस. उद्या ताट इथं आण."

"तुमच्यासमोर? माझ्यानं नाही व्हायचं."

"मग मी कुणाकडे बघू?"

६ मे

आणलं ताट. पहिला घास डोळ्यातल्या पाण्याबरोबर गेला.

"मीठ?"

"कमी पडलंय."

"तुझं नेहमीचंच."

दोघंही हसलो. लेक स्वयंपाकघरात हुंदके देत होती, ऐकू येत होतं.

१३ मे

आता रोजचंच झालंय. दोन्ही वेळा. मी जेवते, हे विचारतात – करपलंय का, आंबट आहे का, कुरकुरीत झालंय का? नुसतं "छान" म्हटलेलं चालत नाही, नीट सांगावं लागतं. आज लिंबाची फोड ह्यांच्या ओठांवर फिरवली. डोळे मिटून घेतले. किती वेळ!

लेक म्हणते, "आई, गाल वर आले तुझे." मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांना मात्र केवढा आनंद.

२० मे

बोलणं थांबलंय. बोटानं दाखवतात. ताटात काही राहिलं की बोट तिकडे. इन्स्पेक्टर आता हे.

२४ मे

कांदा परतला तेव्हा ह्यांनी मान वळवली होती, नक्की वळवली होती. मी खुर्ची ओढून समोर बसले, जेवायला लागले. आज ह्यांचं बोटही हललं नाही, मीच सगळं सांगत होते – भात मोकळा झालाय, भाजीत तिखट जरा जास्त पडलंय. ताट पुसून घेतलं आणि दाखवलं, "बघा, काही टाकलं नाही."

नजर माझ्याकडेच होती. हाक मारली. पुन्हा मारली.

कुठल्या घासाला गेले, कळलं नाही. मी जेवत होते.