तिथीची पाऊणपट

१२ जाने., सोम.
शीळफाट्याला बस अर्धा तास हललीच नाही. कोलशेतला मिहिकाकडे पोचेपर्यंत साडेपाच. तिच्या आईने घड्याळाकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.
आज गणित पाऊण तास, गेम सव्वा तास. असं व्हायला नको. होतं. बारावीच्या पोरीला गणित शिकवायला येते मी, आणि दोघी मिळून तिच्या ग्राफवाल्या कॅल्क्युलेटरवर होडीचा गेम लिहीत बसतो. तिच्या इंटरनॅशनल बोर्डात हा कॅल्सी लागतोच, म्हणून निदान आईला तो हातात बघून संशय येत नाही.
होडी म्हणजे सहा ठिपके. कालपर्यंत मागे शेपूट सोडत होती. आधीची जागा पुसायचीच राहिलेली! प्रोग्राममध्ये एक ओळ घातली आणि होडी सुटी झाली. मिहिका इतक्या जोरात ओरडली की आई आत आली. "डेरिव्हेटिव्ह जमलं," मि. म्हणाली. मी मान डोलावली. लाज वाटायला हवी होती.

१४ जाने., बुध.
तिळगूळ मि.च्या आईकडून. "मॅडम, गोड बोला, पण तिच्याशी जरा कडक बोला. प्रिलिम आलीय."
आज खेळात भरती आली. कोलशेतच्या धक्क्यावरून निघायचं, जाळं टाकायचं, पाणी ओसरायच्या आत परत. उशीर झाला तर होडी चिखलात बसते. पाण्याची वेळ बाबांच्या हिशोबाने: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. बाबा खाडीत जायचे तेव्हा मला हे पाढ्यासारखं पाठ करून घेतलेलं, पंधराच्या पंधरा.
खरं तर एक ओळ पुरली असती, तिथी गुणिले पाऊण. पण मीच म्हटलं, यादी टाक, सगळे आकडे, बाबा म्हणायचे तशी. ०.७५, १.५, २.२५... मी म्हणत होते, ती दाबत होती. एकोणिसाव्या मजल्यावर बसून. खिडकीतून खाली माझ्या माहेरची गल्ली दिसते. भावाची ताडपत्री निळी.
प्रोग्रामला नाव BHARTI. मराठी अक्षरं येत नाहीत बिचाऱ्याला.

१७ जाने., शनि.
परीक्षेत कॅल्सी परीक्षा-मोडवर ठेवायचा असतो. वर छोटा दिवा लुकलुकतो, म्हणजे आतलं काही उघडता येत नाही. तिच्या मॉडेलवर मोड लावला की सगळे प्रोग्राम कायमचे पुसले जातात. मि.ला बजावलं, आधी कॉपी काढू, मग मोड. मंगळवारी पेपर आहे.
कॉपी काढायची वायर कुठेय? माझ्याकडे. डोंबिवलीला. बुधवारी मीच घेऊन आलेले, घरी लॅपटॉपवर बघायला म्हणून. सोमवारी नक्की आणते म्हटलं.

१९ जाने., सोम.
ताप. गेले नाही. मि.ला मेसेज केला, मोड लाव, गेम परत लिहू. तिने अंगठा पाठवला.

२० जाने., मंगळ.
मि.च्या आईचा फोन, दुपारी. आवाजच वेगळा. पेपर अर्ध्यात काढून घेतला. दिवा लुकलुकत नव्हता. पोरीने मोड लावलाच नव्हता, गेम जाईल म्हणून. गणिताच्या बाईंनी कॅल्सी उघडला तर पंधरा आकड्यांची यादी. आणि पहिल्याच प्रश्नाचं उत्तर ३.७५. यादीत पाचवा आकडा ३.७५.
"कॉपी" ठरलं तर शाळा मे महिन्याच्या परीक्षेला बसू देणार नाही. वर्ष गेलं.
"मॅडम, तुम्ही नक्की काय शिकवत होता?"
बोलले बरंच. ऐकण्यासारखं काही नव्हतं.
वायर अजून माझ्या पर्समध्ये आहे.

२१ जाने., बुध.
शाळेत फोन केला. कोऑर्डिनेटर सर नीट बोलले, हेच वाईट. "बाई, तुम्ही तिच्या ट्यूशन टीचर. तुमचं म्हणणं आम्ही ऐकू, पण तुम्ही तिच्याच बाजूने बोलणार ना?" खरंय. भरतीचा तक्ता म्हटल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, "कसली भरती? पोलिसांची?"
हे म्हणाले, पन्नाशीला आलीस, गेम कसले खेळतेस. चिडले. मग रडले. दोन्ही यांच्यावरच.

२३ जाने., शुक्र.
लिहून ठेवते, नाहीतर उद्या खरं वाटणार नाही.
शाळेत सकाळी अकराला. सर, गणिताच्या बाई, मि., तिची आई, मी. कॅल्सी टेबलावर, पुरावा म्हणून. मी समजावत होते: तिथी, पाऊणपट, बाबा, होडी. बाईंचा चेहरा ढिम्म. "हे आकडे ओळीने पाऊण पाऊणने वाढतात. ही तर आपल्या पेपरातली सिक्वेन्स." तेही खरंच. मला घाम.
तेवढ्यात चहा घेऊन लॅबमधले मोरेश्वरकाका आले. खाडीकाठच्या बाळकूमचे, चाळीस वर्षं शाळेत, आता निवृत्तीला आलेले. कप ठेवता ठेवता स्क्रीनकडे बघितलं. चष्मा वर केला.
"ये त पान्याची येल हाय."
सर म्हणाले, "काय?"
"भरतीची. माझा बापूस असाच मोजायचा."
सरांनी कॅल्सी फिरवला. स्वतःकडे. "काका, दशमीला?"
"साडेसात."
"एकादशी?"
"सव्वाआठ."
"तेरस?"
काका एवढंसं थांबले. "पावनेधा."
सर स्क्रीन बघत होते, ९.७५. नंतर त्यांना मजाच वाटायला लागली. पंधराच्या पंधरा विचारल्या. काकांची एकही चुकली नाही. गणिताच्या बाई हसल्या! त्या दिवशी पहिल्यांदा. मि. टेबलाखाली माझा हात दाबून होती, नखं रुतली.
काका जाताना म्हणाले, "पन चूक हाय. ह्यो दर्याचा हिशोब झाला. आपले खारीन पानी तासाभरानं येतं. आज पंचम, दर्याला पावनेचार, त आपल्याकडं पावनेपाच." बाबाही खाडीसाठी वरचा एक तास धरायचे. मी विसरले होते. भर सभेत माझ्या प्रोग्राममधली चूक काढली आणि मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.
निकाल: कॉपी नाही. मोड न लावल्याबद्दल ताकीद, पेपर पुन्हा मंगळवारी. सगळ्यांसमोर मि.ने मोड लावला, दिवा लुकलुकला, आतलं सगळं गेलं. होडी, जाळं, भरती. मला हलकं वाटलं, एवढंच. गेट ओलांडलं आणि रिक्षाच्या दांड्याला धरून उभी राहिले.
मि.च्या आईने पहिल्यांदा हात धरला. "मॅडम, सॉरी. मी फोनवर काय काय बोलले." मी म्हटलं, बोलायलाच हवं होतं.
मग सरळ माहेरी गेले. भावाकडे जेवले, झोपले. पावणेपाचला धक्क्यावर. पाणी पायरीला लागलेलं, काठोकाठ, अगदी वेळेवर. दहा मिनिटं नुसती बघत उभी होते. भाऊ म्हणाला, "गो, काय हरवलंय का?" नाही रे, म्हटलं. सापडलंय.

२४ जाने., शनि.
तीन दिवसांनी नीट झोप. भाजी आणली, दोन बॅचेस घेतल्या, मुलांवर उगाच ओरडले नाही. एकाने विचारलं, "मॅडम, आज बर्थडे आहे का?"
वायर पर्समधून काढून ड्रॉवरमध्ये टाकली.

२५ जाने., रवि.
दुपारी मि.चा फोन. मला वाटलं पुन्हा लिहायचंय, तासभराची दुरुस्ती घालून. कागद पण ओढला.
"मॅडम, अजून एक होता."
अजून एक काय?
"प्रोग्राम. BHARTI च्या खाली. त्यात तुमच्या स्टॅट्सच्या नोट्स होत्या. तुम्ही डिक्टेट केलेल्या, स्टेप्ससकट. त्यांनी तो उघडलाच नाही. काका आले ना."
पेपरात उघडलास का, विचारलं. आवाज माझा, पण अनोळखी.
"नाही. उघडणार होते. सेकंड सेक्शनला. त्याआधीच बाईंनी घेतला."
मी खुर्चीत बसले. राग आला, खरंच आला. तिचा, माझा, चहा वेळेवर आणल्याबद्दल काकांचासुद्धा. शुक्रवारी मी त्या टेबलापाशी शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं होतं, ही पोरगी असलं करणार नाही.
"आता तर सगळं पुसलंय," ती म्हणाली. "कोणाला कळणार नाही. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय मंगळवारचा पेपर लिहिता येईना. कालपासून एक गणित सुटत नाहीये."
आईला सांगितलंस? नाही म्हणाली. फक्त मला.
आणि मग रागाच्या खालून ते दुसरं वर आलं. सुटल्यासारखं. शुक्रवारच्यापेक्षा जास्त. तिने सांगितलं नसतं तरी चाललं असतं, जन्मभर चाललं असतं, आणि तरी सांगितलं. म्हटलं, बरं केलंस. दोनदा म्हटलं. ती रडायला लागली, मी तिला रडू दिलं.
"सरांना सांगायचं का मॅडम? तुम्ही म्हणाल तसं."
माझ्यावर टाकू नकोस, म्हटलं. माझंही त्यात आहे, नोट्स माझ्याच.
उद्या सुट्टी, शाळा बंद. मंगळवारी सकाळी आठला, पेपरच्या तासभर आधी, दोघींनी शाळेच्या गेटपाशी भेटायचं ठरलं. सरांच्या खोलीत जायचं की नाही, ते अजून नाही.