महामहिमांची थोरली बहीण

मी, ऑर्फेलिना तान्दासो सेली, वय एक्याऐंशी, अविवाहित, धंदा औषधविक्री, राहणार सान सेबास्तियान चौकाजवळ, लोखा, एक्वाडोर, हे माझ्या हाताने आणि माझ्याच डोक्याने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल तसा दाखला मिळाला नाही. हे लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण रोज येते, पण ते दुसऱ्याच गोष्टीसाठी, आणि ती गोष्ट पुढे येईलच. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण सवडच मिळाली नाही.

कलम पहिले, माझ्या देहाविषयी. मला आईवडिलांच्या शेजारी पुरावे. दगडावर माझे नाव आणि दोन साले घालावीत. 'महामहीम अमुक यांच्या भगिनी' असा मजकूर घालायला कोणी सांगितल्यास दगड कोराच ठेवावा.

कलम दुसरे, घराविषयी. हे घर मी दुकानाच्या कमाईतून घेतले. माझा भाऊ एवारिस्तो आल्यागेल्याला ते 'आमचे निवासस्थान' म्हणून दाखवतो. त्याने मालकी बदलत नाही. घर, परसातल्या अंजिराच्या झाडासकट, मी माझी भाची एनित हिला देत आहे. ती एवारिस्तोची एकुलती एक मुलगी. बापाला वगळून मुलीला का, असे लोक विचारतील, म्हणून इथेच लिहून ठेवते.

एवारिस्तो माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. शिकून वकील झाला, आणि इथे वकिलालाही डॉक्टर म्हणतात. बोलायला गोड, अक्षर सुंदर. तरुणपणी राजधानी कीतोच्या एका मंत्रिमंडळात त्याला घेतले. जेमतेम तीन आठवडे. त्याच्या दालनाला पडदे लावून होईपर्यंत ते मंत्रिमंडळ गेले. खाते कुठले होते हे आज त्याच्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. तो बसने परत आला तेव्हा मी स्टँडवर गेले होते. म्हटले, "दमलास का रे, एवारिस्तो?" तो हळूच म्हणाला, "ताई, चारचौघांत महामहीम म्हणत जा." मला वाटले, थट्टा करतोय. थट्टा नव्हती हे कळायला महिना गेला. ते गिळणे मला अजून जमलेले नाही.

पदवी जन्मभर राहते की खुर्चीबरोबर जाते, हे मी दोन वकिलांना विचारले. दोघांनी दोन उत्तरे दिली. दोघेही त्याला महामहीमच म्हणतात, कारण एकदा म्हटले की तो लवकर उठून जातो. शहराच्या स्वातंत्र्यदिनाला त्याला पहिल्या रांगेत खुर्ची लागते. ती मिळवायला दरवर्षी मी जाते. दुकान बंद ठेवून मी भांडायचे आणि खुर्चीवर याने बसायचे. तो कधी न्हाव्याकडे ओळीत थांबला नाही. न्हावीच घरी येतो आणि केस कापेपर्यंत तीन वेळा महामहीम म्हणतो. आजारपणात त्याला सुई टोचायला आलेल्या नर्सने "काका, हात पुढे करा" म्हटले, तेव्हा याने हात पांघरुणात घेतला. ताप एकशेतीन. शेवटी सुई मी दिली, आणि दिली ती काही हलक्या हाताने दिली नाही.

एनितची आई ती दुसरीत असताना गेली. तिचे दूध, दप्तर, वेण्या, सगळे मी केले. तिचे लग्न फ्रेदीशी ठरले. ट्रकचे टायर विकणारा, सरळ मुलगा. पत्रिका त्याच्या आईने छापल्या. बिचारीने मनापासून लिहिले, 'श्री. एवारिस्तो तान्दासो यांची कन्या'. पत्रिका बघून एवारिस्तो काहीच बोलला नाही. मला वाटले, सुटलो.

लग्नाच्या दिवशी तो काळा सूट घालून, छातीवर मंत्रिपदाचा पट्टा लावून, पुढच्या खोलीत बसला तो उठेचना. चर्चमध्ये लोक जमलेले. शेवटी एनित तशीच, नवरीच्या पोशाखात, रस्ता ओलांडून घरी आली.

"बाबा, उठा ना. पाद्री थांबलेत."

"पत्रिका दुरुस्त करून आण."

"आत्ता? बाबा, छापखाना बंद आहे."

"मग मीही बंद."

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. पांढऱ्या झग्याला धूळ लागली. म्हणाली, "मी तुम्हाला कधी दुसरं काही मागितलंय का?" तो भिंतीवरच्या स्वतःच्या शपथविधीच्या फोटोकडे बघत राहिला. मी म्हटले, "एवारिस्तो, पोरीकडे बघ." त्याने मला विचारले, "कोणाशी बोलतेस?" मग एनित उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, "आत्या, तूच चल." मी दुकानातल्या सपातांनी आणि अंगावरच्या पांढऱ्या कोटात तशीच तिचा हात धरून चर्चमध्ये गेले. लोक उभे राहिले. माझ्या कोटाला आयोडीनचा वास येत होता, तो अजून आठवतो.

वर्ष संपायच्या आत ती आणि फ्रेदी स्पेनला गेली, मुर्सियाला, इथल्या अर्ध्या गल्लीसारखी. तिथे ती म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करते. इथे तिच्या घरात एक म्हातारा होताच. दर रविवारी ती फोन करते, आणि घंटी वाजली की हा टोपी उचलून चर्चच्या पायरीवर जाऊन बसतो. म्हणून घर एनितचे. ज्यांना कारण पटत नसेल त्यांनी हा भाग पुन्हा वाचावा.

कलम तिसरे, एवारिस्तोविषयी. त्याला पुढच्या दोन खोल्यांत तहहयात राहू द्यावे आणि तीनही वेळचे जेवण द्यावे. केळ्याचे सूप त्याला घट्ट लागते. अट एकच: या घरात कोणालाही त्याला महामहीम म्हणायला भाग पाडता येणार नाही, आणि दारावर पाटी लागणार नाही. कच्चा मसुदा वाचताना नोटरी बुर्नेओ म्हणाले, "बाई, ही तक्रार आहे, कलम नव्हे."

मी म्हटले, "तुम्ही आकडा घाला, कलम होईल."

"आणि महामहिमांनी हरकत घेतली तर?"

"बघा, तुम्हीही म्हणालात."

त्यांनी मुकाट्याने आकडा घातला.

कलम चौथे. सहकारी पतपेढीतल्या ठेवीतून आधी घरखर्च चालावा. एवारिस्तोच्या मागे जे उरेल ते लास्तेनियाचे. तिने या घरात स्वयंपाक करता करता केस पांढरे केले. रोज दुपारी "महामहीम, सूप वाढलंय" हे वाक्य चुकले की हा टेबलावर येत नाही, आणि सूप निवले की तिलाच बोलतो. माझा दगडी खलबत्ताही तिलाच. तसेही ती त्यात कधीपासून शेंगदाणे कुटते. यातून वाटा मिळणार असल्यामुळे साक्षीदार म्हणून सही करता येणार नाही, हे तिला मान्य नाही. ती रुसली आहे.

कलम पाचवे. समारंभ समितीचे सेक्रेटरी ओनोफ्रे यांना दुकानातली एरंडेलाची मोठी बाटली द्यावी. ते दरवर्षी स्वातंत्र्यदिनाच्या निमंत्रणाच्या पाकिटावर 'महामहीम' हा शब्द सोनेरी शाईने लिहून पाठवतात, मोठ्याने हसत हसत लिहितात, आणि पुढचे वर्षभर त्याचे भोग आम्ही भोगतो. बाटली रिकाम्या पोटी घ्यावी.

इथे मृत्युपत्र संपले होते. सहीसाठी आजचा दिवस ठरला होता. पण गेल्या रविवारी जे घडले त्यामुळे आणखी एक कलम वाढवावे लागत आहे.

गुडघ्यांमुळे मी अंथरुणात होते. लास्तेनिया चर्चमध्ये मिस्साला गेली होती. घंटी वाजली. बाहेर पाऊस, त्यामुळे एवारिस्तोला चर्चच्या पायरीवर जाता येईना. घंटी थांबेना, तेव्हा त्याने फोन उचलला. त्याला कमी ऐकू येते म्हणून फोनचा आवाज मोठा असतो. पलीकडचे बोलणे मला खोलीत ऐकू आले. एनितची आइनोआ होती. आठ वर्षांची, जन्म तिकडचाच. याने तिला कधी पाहिलेले नाही.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"महामहीम डॉक्टर एवारिस्तो तान्दासो सेली."

"अगं बाई! आत्याआजी आहे का?"

"झोपलीय."

"मग आजोबा आहेत? आई म्हणते ते तिथेच राहतात, पण फोनवर येत नाहीत."

 मग तो म्हणाला, "आहेत."

"मग त्यांना बोलवा ना. घाई नाही, मी थांबते."

त्याने फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. दाढीचे खुंट वाढलेले, एका हातात टोपी.

"ताई, कोणीतरी आजोबांना बोलावतंय."

"मग जा," मी म्हटले, "बोलाव त्यांना."

त्याने टोपी माझ्या पलंगावर ठेवली, केसांवरून हात फिरवला आणि परत गेला.

"हॅलो."

"आजोबा?"

"हो गं. आजोबा बोलतोय."

"ते मघाचे कोण होते?"

"ते पाहुणे होते," एवारिस्तो म्हणाला. "गेले."

कलम सहावे. दुसऱ्याच दिवशी त्याने लास्तेनियाला सुपासाठी पुन्हा महामहीम म्हणायला लावले. सबब वरचे एकही कलम मी खोडत नाही. फक्त एवढे वाढवते: माझ्या मागे या घरातला फोन तोडू नये. त्याचे बिल ठेवीतून भरावे. आणि रविवारी सकाळी घंटी वाजली, तर एवारिस्तोशिवाय घरातल्या दुसऱ्या कोणीही उठू नये.

हे वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: ऑर्फेलिना तान्दासो सेली

साक्षीदार:
सेगुंदो लोसानो, घड्याळजी
मार्गोत एस्पिनोसा, निवृत्त शिक्षिका
वीक्तोर मिंगा, बेकरीवाले

माझ्यासमोर: सान्तोस बुर्नेओ, नोटरी

लोखा, बुधवार, १४ मार्च २०१२