दोन ओळींचा जबाब

३० सप्टेंबर २००५
तिन्हीसांजेला मालवण बंदरावर. जेटीच्या दिव्याभोवती इंद्रधनुष्याची कडी, एकात एक. असं कधी दिसलं नव्हतं. चौथीच्या वर्गाकडून म्हणवून घ्यायचो त्या कवितांतलीच संध्याकाळ जणू. दोन ओळी सुचल्या. तिसरी येईना. डावा डोळा ठणकतोय. वाऱ्याने असेल.

१ ऑक्टो.
डोळा लाल, डोकं फुटतंय. बाजारात रोझीकडे गेलो. माझी विद्यार्थिनी, कविता म्हणताना वर्गाची कौलं हलवायची. डोळे तपासण्याचं चार वर्षांचं शिक्षण घेऊन आली, तरी गावाला ती ‘चष्मेवाली’च. कड्यांचं सांगितलं, ओळीही म्हणून दाखवल्या. तिने यंत्र लावून पाहिलं.
"गुरुजी, ही कविता न्हय. डोळ्यातलो दाब वाढलो आसा. काचबिंदू. आजच औषध व्हया."
म्हटलं, मग दे ना गो.
"माका लिवक अधिकार नाय. डॉक्टरच लिवतलो. मी चष्म्याचो नंबर तेवढो लिवायचो."
डोळ्यांचे डॉक्टर इथे गुरुवारी येतात. आज शनिवार. शेजारच्या मेडिकलात एक बाई म्हणाली, डोळ्यात घालूक कायतरी दी. दुकानदाराने डोळा न बघता बाटली काढून दिली. त्याला चालतं! शिकलेल्या पोरीला नाही. शिसारी आली.

२ ऑक्टो.
सकाळच्या एसटीने ओरोस, जिल्ह्याच्या ठिकाणी. वाटेत दोनदा ओकलो. दवाखान्यात रविवार, त्यात गांधीजयंती. डोकेदुखीची गोळी मिळाली. शिपाई: "डोळ्यांचे साहेब नाहीत, नंतर या." परत येईतो डाव्या डोळ्याला नुसतं धुकं.
रोझीने पाहिलं. साध्या कागदावर थेंब नि गोळ्या लिहिल्या, खाली पूर्ण सही केली. दिवेलागणीला ठणका उतरला.

६ ऑक्टो.
गुरुवार. डॉक्टर म्हणाले, "थेंब वेळेवर पडले म्हणून डोळा वाचला. कोणी लिहून दिले?" वर्गातला पहिला नंबर जाहीर करावा अशा थाटात नाव सांगितलं. चिठ्ठीही काढून दिली. त्यांनी ती खिशात ठेवली.
मूर्ख म्हातारा मी.

२४ ऑक्टो.
रोझीला ओरोसच्या कचेरीतून नोटीस. अधिकार नसताना औषध लिहून दिलं, दुकान का बंद करू नये वगैरे. साक्षीदार कोण? मी. डॉक्टरांच्या तक्रारीत मी केलेलं कौतुक पुरावा म्हणून जोडलंय. स्वतःचंच नाव वाचवेना.

७ नोव्हें.
ओरोसला कचेरीत. जबाबाचा छापील कागद दिला. औषध नोटिशीतील व्यक्तीने लिहून दिले काय? पुढे दोन ओळींची जागा. विचारलं, डोळा वाचला ते कुठे लिहू?
"गुरुजी, निबंध नको. होय की नाही, तेवढंच."
मी अर्जही नेला होता, की अशा शिकलेल्यांना निदान अडीनडीचे थेंब लिहू द्यावेत. कारकुनाने वाचला. हसला. "कायदा इथे बदलत नाही, वरचा विषय." अर्ज परत. कागदाच्या पाठीवर चहाच्या कपाचं वर्तुळ.

८ नोव्हें.
रोझीला म्हटलं, ‘आठवत नाही’ असं लिहितो. भडकलीच.
"खोटां बोललंय म्हणान तुमीच माका अंगठे धरूक लावलात मां? खरां लिवा. पण सगळां लिवा!"
तेवढ्यात एक मासळीवाली आली, डोळा लालभडक. रोझीने तपासलं. "गुरुवारी डॉक्टराक दाखय गो." कौलं हलवणारा तो आवाज... मला जेमतेम ऐकू आला.

१० नोव्हें.
उद्या जबाब द्यायचा. ‘होय’ लिहिलं तर तिचं दुकान जातं. ‘नाही’ लिहिलं तर ती तोंड बघायची नाही माझं. छापील कागद तसाच कोरा. सोबत पुरवणी लिहितोय, सातवं पान झालं. घेणार नाहीत म्हणे.
आठवं सुरू केलं.