वर रेंज, खाली पंप

९ जाने.
बी.पी.ची गोळी घेतली. नंतर घेतली की नाही आठवेना. पाकीट मोजलं. घेतली.
पाणी संस्थेची मीटिंग. तापीवरचा पंप मोबाईलवरून चालू-बंद करायचा असं ठरलं. मी चेअरमन, वयाने मोठा म्हणून. शिक्षण सातवी. दोन प्रकारची यंत्रं असतात म्हणे, एक सिमकार्डवालं, एक रेडिओवालं. सिमला रेंज लागते. रेडिओला उंच खांब, आणि मध्ये आडवं काही नको. सेक्रेटरी भगवान म्हणाला, "नाना, सिम सगळ्यांच्या खिशात आहे. खांब कोण सांभाळेल?" सगळे हसले. मीही हसलो.
सुपडूचं नाव कुणी काढलं नाही. पंपघरात एकतीस वर्षं तोच. ऑपरेटरच्या पगारात यंत्राचा वार्षिक करार बसतो, एवढंच कुणीतरी म्हणालं.

१४ जाने.
सुपडू तिळगूळ घेऊन आला. बसला. मग हळूच, "नाना, गावमां बोलतस ते खरं शे का?"
मी म्हटलं, यंत्र येईल. पण तू राहशील. मी चेअरमन आहे ना.
कशाच्या जोरावर बोललो कोण जाणे.
तो गेल्यावर विचार करत बसलो. मोटर चालू झाली की तो घाटावर बांबूला पांढरं फडकं लावतो. पंपघर दरडीच्या पोटात, गावातून काही दिसत नाही. पण टेकाडावरच्या त्याच्या घरून घाट दिसतो. बायको कमलबाई ते बघते आणि आपल्या छतावर फडकं लावते. ते साऱ्या गावाला दिसतं. पाणी आलं, वॉल्व्ह उघडायला निघा. इतकी वर्षं असंच चाललं. यात बिघडलेलं काय होतं? पण मीटिंगमध्ये हे सुचलं नाही. सुचलं असतं तरी...

२२ जाने.
धुळ्याहून ठेकेदाराचे इंजिनियर बोरसे साहेब जागा पाहायला आले. सभ्य माणूस. वरच्या महादेवाच्या ओट्यावर खुर्च्या टाकल्या, शाल, नारळ, टोपी. पाहुण्याला सत्काराआधी घाटावर उतरवायचं नाही, ही आपली रीत. साहेबांनी ओट्यावरच रेंज मोजायचं हातातलं यंत्र वर धरलं. "रेंज फुल आहे, नाना." टाळ्या.
मग म्हणाले, खाली जाऊन येऊ. मी म्हटलं, जेवल्याशिवाय नाही. कळण्याची भाकरी, भरीत, वर कांद्याची पात. तीनदा भरीत घेतलं त्यांनी. हात धुताना धुळ्याहून फोन आला, अर्जंट निघावं लागलं. कागद पुढे केला, "जागा ग्राहकाने दाखविली." सही केली. जागेवरच होतो की आम्ही, फार तर चारशे पावलं इकडेतिकडे.
भरीत मीही जास्त खाल्लं.

२३ जाने.
सुपडू भेटला. "साहेब खाले ऊनाच नही. मी दिनभर वाट दखी." पंपघर सारवलं होतं, मोटरला झेंडूचा हार घातला होता, नारळ आणून ठेवला होता. मी म्हटलं, साहेबांनी वरून सगळं पाहिलं. तो म्हणाला, "वरथीन?"

६ फेब्रु.
एस.टी.ने जळगाव. पिंप्राळ्याला लताकडे. लेकीने कराराचे कागद वाचून दाखवले, अकरा पानं. तक्रार केल्यावर अठ्ठेचाळीस तासांत माणूस येणार. पेटीचं सील दुसऱ्या कुणी तोडलं तर करार रद्द. जागा ग्राहकाने दाखविल्याप्रमाणे. तिथे ती थांबली. "नाना, खाली पंपघरात फोन लागतो का हो?"
मी म्हटलं, साहेबांनी पाहिलंय.
"तुमचा कधी लागला का?"
आठवून पाहिलं. खाली गेल्यावर मला कधी कुणाचा फोन आलेला नाही. मला तसेही फोन येत नाहीत.
"विचारा मग त्यांना," म्हणाली. मी शिकलेला नाही, एवढ्या मोठ्या माणसाला काय विचारायचं? हसतील.

१० फेब्रु.
करारावर सही केली. अकराही पानांवर. सातव्या पानावर सही रेघेबाहेर गेली, भगवान म्हणाला, "नाना, लग्नाचा दाखला नाही, सावकाश करा."
रेंजचं विचारलं नाही. ओठावर आलं होतं.

१८ मार्च
यंत्र बसलं. दोन मिस्त्री आले, पेटी लावली, सील मारलं, "सिम उद्या चालू होईल" म्हणून गेले.
संध्याकाळी महादेवाच्या ओट्यावरच सुपडूचा निरोप समारंभ. शाल, नारळ. कमिटीचा ठराव होता, मी एकटा काय करणार? भाषणात म्हटलं, सुपडू संस्थेचा कणा. टाळ्या. त्याने पंपघराची किल्ली माझ्या हातात दिली. गरम होती, मुठीतली. तू राहशील असं मी म्हणालो होतो, हे त्याने काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

१९ मार्च
भगवानच्या मोबाईलवर लाल अक्षरं. पंप संपर्काबाहेर. भगवान ओट्यावर उभा राहून दाबतो, घरून दाबतो. तेच. खाली जाऊन बघावं तर त्याचाच फोन बंद पडल्यासारखा.
तक्रार लावली. सुपडूच्या छताकडे सवयीने पाहिलं. काही नाही.

२१ मार्च
ऊन चाळिशीला टेकलं. केळीची पानं दुपारी माना टाकतात. मोटर ठणठणीत, नदीत पाणी, वीज आहे. फक्त पेटी बंद, आणि मोटरची कळ आता त्या पेटीच्या आत. भगवान म्हणाला, सील फोडू. मी म्हटलं, करार रद्द होईल, पुढे काही झालं तर सही माझी. लोक दारावरून जाताना माझ्याकडे बघतात. बघतात की मलाच वाटतं?

२२ मार्च
बोरसे साहेब आले. या वेळी सरळ खाली. मीही उतरलो, गुडघे धरत. त्यांनी हातातलं यंत्र इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. शून्य.
"नाना, ही जागा तुम्ही मला दाखवली नाही."
मी टोपी काढून घाम पुसला.
"मी म्हणत होतो खाली जाऊ. तुम्ही भरीत वाढलं."
हसून म्हणाले, पण म्हणाले.
तोड सांगितली. इथे रेडिओ बसवायचा, इथून दिसेल अशा उंच घरावर दुसरा, तिथे रेंज असली की झालं. करारात नाही, जागामालकाची वेगळी संमती लागेल. मग त्यांनी हात लांब करून टेकाडावर बोट दाखवलं. "ते घर बरोबर लाइनीत आहे. कुणाचं?"
भगवानने माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे.
साहेब म्हणाले, घरमालकाचा संमतीचा अंगठा आला की चार दिवसांत काम. तोवर सील तसंच ठेवा.

२३ मार्च
कागद घेऊन सुपडूकडे गेलो. चढ चढून दम लागला. कमलबाईने चहा ठेवला. "च्या ल्या नाना, थंडा व्हई जास."
सुपडूने कागद उलटा-सुलटा पाहिला. "मनं नाव कोठे शे?" मी बोट ठेवलं. जागामालक.
"एकतीस साल ऑपरेटर व्हतू. आते जागामालक. बढती व्हयनी ना नाना."
मला हसू की रडू कळेना. मी म्हटलं, माझी चूक झाली. तुला राहशील म्हणालो, तीही, आणि साहेबांना खाली आणलं नाही, तीही. तो म्हणाला, "यंत्रले बी शेवट मनंच घर लागनं." मग खाली नदीकडे बघत त्याने विचारलं, "केयी कश्या शेतस?" मी सांगितलं, केळी अजून चार दिवस तग धरतील, जास्त नाही.
हो म्हणाला नाही. नाही म्हणाला नाही. अंगठा राहिलाच.
घरी येऊन खिसा पाहिला. पंपघराची किल्ली नाही. चहाच्या बशीपाशी ठेवली होती, कागद काढताना. विसरलो? की ठेवून आलो? खरंच सांगता येत नाही.

२४ मार्च
सकाळी अंगणातून पाहिलं. सुपडूच्या छतावर बांबू उभा. नुसता बांबू, फडकं नाही. काल होता का? आठवेना. रेडिओसाठी बांधला असेल? की?
कमलबाई छतावर उभी आहे, घाटाकडे तोंड करून. सुपडू कुठे दिसत नाही.
भगवान आला, "नाना, चला विचारून येऊ, काय ते एकदाचं." मी म्हटलं, थांब. फडकं लागलं तर इथून दिसेल.
लागलं तर मोटर चालू झाली, म्हणजे सील फुटलं, माझ्या सहीचा करार गेला. नाही लागलं तर केळी गेली. देवापुढे बसलो होतो मघाशी. काय मागावं कळेना, नुसते हात जोडून उठलो.
अकरा वाजले. गोळी घ्यायची राहिली. अजून अंगणातच बसलोय.